न्हाणीतला झिरोचा बल्ब

लकडगंजातल्या आमच्या घराच्या न्हाणीला खिडकी नव्हती. भर दुपारीही दिवा लावावा लागे. तिथे मी झिरोचा बल्ब लावला होता. झिरो म्हणजे वीज शून्य, असं मोहल्ल्यात सगळेच मानत, आणि विजेच्या बाबतीत मी पक्का कवडीचुंबक.

बाबा कुरकुरायचे, "न्हाणीत काही दिसून नाही राहिलं गा. मोठा बल्ब लाव." बाजूच्या बादलीला रोज त्यांचा पाय लागायचा, लोटा कलंडायचा. मला वाटे, म्हातारा मुद्दाम करतो. एकदा मी तोडून बोललो, "साऱ्यांले दिसते, तुमालेच काहून दिसत नाही?" त्या बोलण्याची आजही लाज वाटते. ते एवढंच म्हणाले, "दात कोरून पोट भरते काय गा?"

वर्षभरानं मी पंचवीसचा बल्ब आणला, उपकार केल्यासारखा. मग काही महिन्यांनी चाळीसचा. तक्रार तीच. माझं डोकं तापायचं. शेवटी एका दुकानदारानं समजावलं, की झिरोचा बल्बही वीज खातोच. त्यापेक्षा दोन फुटी ट्यूब घ्या, चाळीसच्या बल्बहून वीज कमी आणि उजेड कितीतरी जास्त. मी हरखलो. बचतही होणार होती आणि बाबांचं तोंडही बंद होणार होतं.

ट्यूब लागली तशी न्हाणी इतकी लख्ख झाली की भिंतीवरचं शेवाळ दिसू लागलं. मी बाबांना हौसेनं बोलावलं. ते आत गेले, बादलीला अडखळले, भिंत धरून उभे राहिले आणि म्हणाले, "आता लाइट लाव नं गा."

ट्यूब त्यांच्या डोक्यावर जळत होती.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही, उरलेलीही फार दिवस टिकणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी आणलं असतं तर बरीच वाचली असती. तेव्हा काही तक्रार नव्हती का यांची?"

मी तोंड उघडायच्या आत बाबाच बोलले, "नाही जी. डोळे चांगलेच होते. न्हाणीतला उजेडच कमी होता."

हे ते मला पाठीशी घालायला म्हणाले, की त्यांना खरंच तसं वाटत होतं, हे विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही.