सत्कारात आलेली पुस्तकं

विजयमालाला पुस्तकांचा राग येतो. वाचल्याशिवाय राहवत नाही आणि वाचलं की डोकं फिरतं, अशी तिची गत.

लोणी भापकरात तिचं घर. नवरा मानसिंग गावातल्या एका दूध संस्थेचा चेअरमन, आणि चेअरमन म्हटल्यावर सत्कार आलेच. आज ह्या गावात उद्घाटन, उद्या त्या गावात वाढदिवस, परवा कुणाच्या तरी पोराची कुठंतरी निवड. पूर्वी हार मिळायचे, ते निदान दारातल्या गाईपुढं टाकता यायचे. मग कुठून तरी टूम निघाली, बुके नको, बुक द्या. झालं! घरात चकचकीत कागदात गुंडाळलेली पुस्तकं यायला लागली. मानसिंग ती कपाटात ढकलतो आणि पुढच्या सत्काराला त्यातलंच एक उचलून दुसऱ्याच्या हातात देतो. तो दुसराही तेच करतो. तालुक्यात अशी कितीतरी पुस्तकं फिरतायत, ज्यांनी ढीगभर सत्कार पाहिले आणि वाचणारा एकही पाहिला नाही.

विजयमाला सोडून. ती चिकटपट्टी नखानं अलगद सोडवायची, दुपारच्या वेळात पुस्तक वाचायची आणि पुन्हा होतं तस्सं गुंडाळून ठेवायची. कुणाला पत्ता नाही.

एकदा यशस्वी कसं व्हावं असलं एक पुस्तक आलं. पहाटे पाचला उठा, आयुष्य बदलेल, असं पानापानावर. विजयमालानं कपाळाला हात लावला. "मी लगीन झाल्यापासनं चारला उठतीय," ती भिंतीला म्हणाली, "कुठं हाय माझं यश? कुणी पळवलं?" मग कुणा बड्या अधिकाऱ्याचं आत्मचरित्र आलं. सुरुवातीलाच लिहिलेलं, सावलीसारखी साथ देणाऱ्या पत्नीस. पुढं ती बाई कुठं दिसते म्हणून विजयमाला शोधत राहिली, तर साहेबांना टायफॉइड झाला तेव्हा एकदा पेज घेऊन आली आणि गेली. नाव काय तिचं, ते काही कळलं नाही. युरोपचं प्रवासवर्णन तिनं मोठ्या हौसेनं उघडलं. लेखक बर्फाच्या डोंगरावर पोचला आणि तिथं उभा राहून हॉटेलातल्या नाश्त्याबद्दल बोलायला लागला. एवढ्या लांब गेलास बाबा, जरा गप उभा राहून बघ की! रहस्यकथेतला खुनी तिला निम्म्यातच कळला, तरी मन मानेना म्हणून शेवटापर्यंत वाचत गेली, तव्यावरची भाकरी करपली, आणि खुनी निघाला तोच. कवितांचं पुस्तक म्हणजे पानावर चार ओळी आणि बाकी सगळं कोरं. तिनं ते आदळलंच. पण त्यातली एक कविता अशी निघाली, की तिला दिवसभर काही सुचेना. त्याचाही तिला रागच आला. असलं लिहिता येतंय तर मग बाकीच्या पानांवर काय झोपला होता काय हा माणूस?

हे सगळं सांगावं कुणाला? मानसिंगपुढं विषय काढला, की तो म्हणायचा, "थोडक्यात सांग." आणि थोडक्यात सांगेपर्यंत त्याचा फोन वाजायचा. सून ज्योत्स्ना गुणी पोरगी, बारामतीच्या एमआयडीसीत कामाला. दमून यायची. म्हणायची, "आई, त्याचा पिक्चर आला की बघू आपण." शेजारच्या बानूबाईला सांगायला जावं, तर ती मधेच विचारायची, "पण हे खरं घडलंय का गं?" नाही म्हटलं की तिचा रस संपला.

तेव्हा मग विजयमालानं पेन्सिल हातात घेतली. पानाच्या कडेला जे मनात येईल ते लिहायची. हे खोटं हाय. इथं मला रडू आलं. अरे गप की जरा. असं लिहिलेलं पुस्तक ती साड्यांखाली ठेवून द्यायची, ते पुन्हा सत्काराच्या रांगेत जाता कामा नये म्हणून. बोलल्यासारखं वाटायचं. पण उत्तर कधी येत नाही, म्हणून जीव जास्तच तडफडायचा.

त्यात इंदापूरच्या दादासाहेब सरांची कादंबरी हाती पडली. सर निवृत्त प्राध्यापक, भागात मोठं नाव. कादंबरीतली सगुणा शाळेत सगळ्यांच्या पुढं. डॉक्टर व्हायचं तिच्या मनात. घरचे तिचं लग्न ठरवतात, ती भांडते, जेवण टाकते, विहिरीच्या काठावर बसून राहते. शेवटी लग्न होतं. शेवटच्या पानावर ती सासरचा उंबरा ओलांडते आणि हसते. संपलं पुस्तक!

विजयमालाला बारावीत असताना उजवलं होतं. नर्सिंगचा फॉर्म भरायचा राहिला तो राहिलाच. ती कादंबरी तिनं पुन्हा पुन्हा वाचली. कडा पेन्सिलीनं भरून गेल्या. शेवटच्या पानावर तिनं मोठ्या अक्षरात लिहिलं, ही हसली कशाला? पुस्तक मळू नये म्हणून तिनं त्याला त्याचाच मोरपंखी गिफ्टचा कागद कव्हरासारखा घातला होता, आणि पुन्हा वाचायला हाताशी असावं म्हणून ते साड्यांखाली न टाकता फ्रिजवर ठेवलं होतं.

दूध संस्थेचा वार्षिक कार्यक्रम आला. पाहुणे कोण, तर तेच दादासाहेब सर. विजयमाला पुढच्या रांगेत बायकांत बसलेली. मानसिंगनं पाहुण्यांना शाल घातली, नारळ दिला, आणि वर पुस्तक दिलं. मोरपंखी कागदातलं! घाईघाईत निघताना त्याला फ्रिजवर चकाकतं काहीतरी दिसलं, त्यानं ते उचललं. वाचणाराच नसेल तर आत काय आहे हे बघायचं कशाला? ज्यानं लिहिलं त्यालाच त्याचं पुस्तक, तेही कडा खरडलेलं.

मेले मी, असं पहिल्यांदा तिच्या मनात आलं. आणि लगेच दुसरं आलं, बरं झालं. वाचू दे. आजवर भिंतीशी बोलत आले, आता ज्यानं लिहिलंय तोच वाचेल. एक माणूस तरी उत्तर देईल.

घरी येऊन तिनं मानसिंगला सगळं सांगितलं. तो थयथया नाचला. "माझी अब्रू घालवलीस! तालुकाभर हसतील! तुला कुणी सांगितलं व्हतं शहाणपणा करायला?"

काही दिवसांनी जेजुरीहून परतताना सरांची गाडी दारात थांबली. मानसिंगच्या तोंडचं पाणी पळालं. "तू आतच थांब," तो विजयमालाला म्हणाला. ती चहा ठेवून दाराआड उभी राहिली.

"मानसिंगराव," सर म्हणाले, "इतकी वर्षं लिहितोय, पण असा वाचक मला मिळाला नव्हता. पानांच्या कडेला हे कुणी लिहिलंय?"

मानसिंग माफी मागायच्या तयारीत बसलेला. कौतुक ऐकलं आणि गडी फिरला. "आता काय सांगायचं सर," तो लाजून म्हणाला, "मीच आपलं, येळ मिळंल तसं."

विजयमालाच्या कानात गरम शिसं ओतल्यासारखं झालं. तिनं ट्रे उचलला आणि बाहेर आली.

"तुम्ही विचारलंत, ही हसली कशाला," सर मानसिंगला सांगत होते. "तेव्हापासून मी तोच विचार करतोय. तुम्हाला काय वाटतं, तिनं काय करायला हवं होतं?"

मानसिंग छताकडं बघायला लागला.

"हसायला नको व्हतं," विजयमाला म्हणाली. "रडली असती तरी चाललं असतं. पण हसायला नको व्हतं."

सरांनी वर पाहिलं आणि ते कौतुकानं हसले. "वा, वहिनींनाही वाचनाची आवड दिसतेय! चेअरमनसाहेबांच्या संगतीचा परिणाम." आणि ते पुन्हा मानसिंगकडं वळले.

माझं अक्षर आहे ते, असं तिच्या अगदी ओठावर आलं. पण पाहुण्यांपुढं नवऱ्याला तोंडघशी पाडायचं? पस्तीस वर्षांत नाही केलं ते आज कसं करायचं? ती आत गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. स्वतःचा इतका राग तिला कधीच आला नव्हता. बाहेर सर सांगत होते, की बारामतीला दुसऱ्या आवृत्तीचा कार्यक्रम आहे आणि कादंबरीवर मानसिंगरावांनीच बोलायचं. पुस्तक त्यांनी टेबलावर ठेवलं. "तयारीला लागेल तुम्हाला."

गाडी गेल्यावर मानसिंग आत आला तो हात चोळतच. "अगं, भाषण तेवढं लिहून दे की."

"न्हाय."

"चार ओळी."

"एकबी न्हाय. तुमीच लिहिलंय ना? मग वाचा आता."

त्यानं लाडीगोडी लावली, आरडाओरडा केला, अबोला धरला. ती ढिम्म हलली नाही. शेवटी चष्मा लावून बसला बिचारा. दोन पानांवर झोपायचा. जागा झाला की तेच पान पुन्हा. पण फोन बंद करून, कुरकुरत, घामाघूम होत त्यानं एकदाचं ते संपवलं. विजयमाला मेथी निवडत बसली होती. तिला वाटलं, आता तरी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ह्या घरात दुसऱ्या कुणीतरी पुस्तक वाचलंय.

"बरं हाय," मानसिंग पुस्तक मिटत म्हणाला. "शेवट ग्वाड केलाय सरांनी. पोरगी हसली शेवटी."

तिच्या हातातली जुडी खाली पडली. "ग्वाड? तिचं शिक्षण गेलं, सगळं गेलं, आणि तुमाला ग्वाड लागलं?"

"मग काय झालं? चांगलं घर मिळालं, हसणारच की. तूबी हसली व्हतीस की. आपल्या लग्नाचा फोटो बघ, कशी दात काढून हसतीयस."

"फोटोवाला हस म्हणाला म्हणून हसले व्हते."

मानसिंगनं चष्मा काढला. काढून तसाच हातात धरून बसला.

"हे मला कधी बोलली न्हाईस."

"तुमी कधी इचारलं?"

त्यानं पुस्तक पुन्हा जवळ ओढलं. मग हळूच म्हणाला, "मग आता बारामतीला मी काय बोलू?"

हे सुचलं याला! विजयमालाला हसावं का रडावं कळेना. पण तिनं दोन्हीतलं एकही केलं नाही. "खरं ते बोला," ती म्हणाली. "म्हणावं, मी वाचलं पण मला कळलं न्हाय. ते लिहिलंय ते माझ्या बायकोनं, ती म्होरं बसलीय, तिला वर बोलवा."

"आणि न्हाय बोलावलं तर?"

"तर मी आपली उठून वर येते."