दहा तासांचा बेत

हे मी लिहावं की नाही, अजून ठरत नाही. दत्ताचे नातेवाईक आहेत, कोळीवाड्यात त्याला लहानपणापासून ओळखणारी माणसं आहेत. मी नुसता मित्र, आणि आमच्या घरात अर्जापलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही. वडील तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी; कॉलेजात गेलेला मी पहिलाच. काही चुकलं तर काकींनी, म्हणजे दत्ताच्या आईने, मला माफ करावं.

दत्ता बेलापूरच्या खाडीकाठचा. खाडीत मासळी उरली नाही, म्हणून बारावीनंतर त्याने पर्यटकांच्या एका मोठ्या जहाजावर लाँड्रीत नोकरी धरली. एजंटाने सांगितलं होतं की सहा महिने झाले की कामगाराला आपला एक माणूस आठवडाभर सोबत आणता येतो. त्याच संध्याकाळी तो आमच्या खोलीवर आला. "मास्तर, पासपोर्ट काढ." मी इतिहास घेतला म्हणून तो मला मास्तर म्हणायचा. जहाज नेपल्सला थांबतं हे कळल्यावर मला दुसरं काही सुचेना. तिथून तासाभरावर पॉम्पेई, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं शहर... मी ग्रंथालयातल्या पुस्तकावरून नकाशा ट्रेस केला. त्याच्या ओट्यावर, सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासात, आम्ही दोन हजार वर्षांपूर्वीचे रस्ते ठरवत बसायचो. आधी चौक, मग स्नानगृह, मग ती बेकरी, जिच्या भट्टीत पाव तसेच सापडले होते.

"मेलेल्यांच्या घरान फिराया येवरं लांब?" काकी विचारायच्या.

"आये, तिथला पाव अजून भट्टीत हाय. तुज्या भाकरीपेक्षा मऊ असंल," दत्ता म्हणायचा.

अडचण एकच होती. लाँड्रीतल्या माणसाला बंदरात चारच तास उतरू देतात. दत्ताला त्याची फिकीर नव्हती. पंचांगातली तिथी बघून त्याने बोटांच्या पेरांवर भरती मोजली. "ओहोटीला बोट चिखलात बसते. बोट बसली की खलाशी मोकळा. दहा तास धर." मी दहा तासांचं वेळापत्रक आखलं. पुढे भूगोलाच्या पुस्तकात वाचलं, त्या समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. मी लगेच सांगायला गेलो, खरं तर थोडा मिरवतच.

"समुद्र हाय आनि भरती नाय? तुज्या बुकाला समुद्राचं काय म्हाईत!" तो हसला. मी ती ओळ वाचून दाखवली. त्याने पुन्हा बोटांची पेरं मोजली. "मंग... चारच तास?"

"त्यातले दोन जायला-यायला. उरलेल्या दोनात काय बघणार? त्यापेक्षा मी न आलेलाच बरा."

रागाने नाही, पण हे मी म्हणालो.

जहाजावरून त्याचं एकच पत्र आलं. 'मास्तर, तुजा बुक बरोबर. इथं पानी चढत नाय, उतरत नाय. पन तू येनार. दिवस पुरा मिलवतो. कसा ते इचारू नको.' मी विचारलं नाही. पासपोर्टचा अर्ज भरला आणि पुन्हा दहा तासांचं वेळापत्रक काढून बसलो.

मग एजंटाचा माणूस कोळीवाड्यात आला. लाँड्रीत वाफेचा पाइप फुटला होता. काकी रडल्या नाहीत. मला समोर बसवून त्यांनी विचारलं, "वाफेनं मानूस मरतो? भाताच्या वाफेनं हात पोळतो, येवरंच मना म्हाईत."

याला आता सात आठवडे झाले. गेल्या रविवारी त्याच्याबरोबर काम करणारा गुहागरकडचा एक जण त्याची पेटी घेऊन आला. काकी पेटी घेऊन आत गेल्या. आम्ही दोघंच ओट्यावर होतो. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तेव्हा त्याची ड्यूटी होती का?"

त्याने मान हलवली.

"त्याची ड्यूटी सकाळीच संपली होती. दोन महिने तो आम्हा सगळ्यांच्या पाळ्या करत होता. त्याच्या बदल्यात नेपल्सला आम्ही त्याचं दिवसभराचं काम वाटून घेणार होतो. त्याचा कुणी मास्तर यायचा होता म्हणे..." त्याने तोंडावरून हात फिरवला. "ती पाळी माझी होती."