बारकीला गाडी लागते

भुताखेतांच्या गोष्टी कुणी सुरू केल्या की टिंगल करण्यात मी सगळ्यांच्या पुढे. लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, त्यामुळे तोंड जरा जास्तच चालतं. आता तुम्ही माझी टिंगल करा...

मी गाडी चालवत नाही. येते, पण चालवायची नाही असं ठरवलंय. लिफ्टसुद्धा घेत नाही. आमच्या रेणूला गाडी लागायची. एसटीत नाकाशी लिंबू धरून बसायची बिचारी. म्हणून गावात कुठंही जायचं तर आम्ही बापलेक पायी, ती माझं बोट धरून. त्र्याण्णव साली गणपती विसर्जनाला मामाबरोबर औशाकडे आजोळी गेली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भूकंपात ते दगडमातीचं घर तिच्यावर बसलं. तिच्याबरोबरचं पायी चालणं तेवढं माझ्याकडे उरलं.

आता लातूरभर क्लासेस. पोरांकडे स्कूटी, सरांकडे कार. मला सगळे 'अकरा नंबरची बस' म्हणतात.

केमिस्ट्रीचे जाधव सर अहमदपूरहून नवीनच आले होते. एका दुपारी त्यांनी माझ्याजवळ बाइक थांबवली.

"बसा की सर. ट्रिपल शीट होतंय, पण बारकी म्होरं टाकीवर बसंल."

"कोण बारकी?"

"ही काय, तुमचं बोट धरलेली. नात हाय का?"

मी खाली पाहिलं. कुणीच नव्हतं. आणि रेणूबद्दल त्यांना कुणी बोललेलं नव्हतं...

"तिला गाडी लागते," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

त्या दिवसापासून एक बोट मोकळं ठेवून, तिला झेपेल असं सावकाश चालायला लागलो. बायकोला सांगितलं नाही. खरं सांगतो, कित्येक वर्षांनी मी सुखात होतो.

मग एके दिवशी ऐन तासाला फोन आला — बायको घरात कोसळली, दवाखान्यात नेलंय. रिक्षा मिळेना. जाधव सरांनी बाइक काढली आणि मी मागचापुढचा विचार न करता बसलो.

बायको वाचली. डोळे उघडल्यावर म्हणाली, "लवकर आलात! चालत न्हाई आलात व्हय?"

"बाइकवर आलो," मी म्हणालो.

ती घरी आल्यावर मी पुन्हा क्लासला पायी निघालो. वाटेत जाधव सर थांबले.

"सर, आज एकलेच? बारकी कुठं हाय?"

त्यांना काय दिसलं होतं आणि मग का दिसेना, याचं उत्तर माझ्याकडे नाही. त्यांच्याकडेही नाही, मी विचारून पाहिलंय. बोट मी अजून मोकळंच ठेवतो. जाधव सर मात्र आता रोज थांबतात...

"बसा की सर," म्हणतात. "जागा हाय."