चाळीस पौंडांचा भोंगा

हॉर्न या वस्तूवर माझा पहिल्यापासून राग आहे. तीस वर्षं गॅरेजमध्ये काढली, त्यातली बरीचशी बसगाड्यांना हवेचे हॉर्न बसवण्यात गेली, तरी तो राग गेला नाही. ब्रेक नीट केला म्हणून मला कधी कुणी चहा पाजला नाही. हॉर्न जोरात वाजला की मात्र ड्रायव्हर खिशात हात घालून मिठाईच्या दुकानाकडे निघतो. माणसाला आपण थांबू शकतो यापेक्षा आपण ओरडू शकतो याचं कौतुक जास्त, एवढं मला या धंद्यानं शिकवलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. हिंगणा रोडवर एक गॅरेज होतं, तिथं मी मिस्त्री होतो. मालकाच्या चार बसगाड्या शहरातले कामगार उचलून हिंगण्याच्या कारखान्यांत पोचवत. त्यातली एक सक्करदऱ्याची. तिची वेळ सहाची, पण ती तीन ठिकाणचे लोक घेऊन यायची, मध्ये रेल्वे फाटक, त्यामुळे कधी पावणेसहा, कधी सव्वासहा. गल्ल्यांत बस शिरत नसे. ड्रायव्हर तलावाच्या वळणावरून हॉर्न वाजवायचा आणि तो ऐकून लोक डबे घेऊन मोठ्या रस्त्यावर यायचे. बस तिथं तीन-चार मिनिटं थांबे. हातात घड्याळ असलेला माणूसही हॉर्न ऐकल्याशिवाय घर सोडत नसे.

एके दिवशी त्या बसचा ड्रायव्हर फणफणत गॅरेजमध्ये आला.

"मिस्त्री, हॉर्नचा दाब वाढवा आजच्या आज. माह्या गाडीले लोकं मुकी म्हणून राह्यले!"

लोकं म्हणजे एकच माणूस होता. सक्करदऱ्याचा, पत्रे ठोकणाऱ्या प्रेसवरचा एक कामगार. त्याची बस चुकली, तो सायकल हाणत हिंगण्याला गेला, तोवर गेट बंद. त्यानं टाइमकीपरला सांगितलं की बसनं हॉर्न दिलाच नाही. टाइमकीपरनं ड्रायव्हरला झापलं. वीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला हे नाकाला मिरची झोंबावी तसं लागलं होतं.

त्या कामगाराच्या बाजूनंही बोलायला हवं. सहा वर्षं तो टेंपररी होता. त्या महिन्याअखेर कायम करायच्या लोकांची यादी लागणार होती आणि तीत त्याचं नाव होतं. पण महिन्यात तीन खाडे झाले की नाव कट, असा कारखान्याचा नियम. हा त्याचा पहिला खाडा.

हवेच्या हॉर्नमध्ये तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. हवेचा दाब किती, टाकी केवढी आणि भोंगा किती लांब. दाबावर आवाजाचा जोर ठरतो, टाकीवर तो किती वेळ टिकेल ते, आणि भोंग्याच्या लांबीवर तो जाड निघेल की बारीक. गिऱ्हाईक भांडतं फक्त दाबावरून. टाकी गाडीच्या पोटाखाली असते, कुणाला दिसत नाही, म्हणून तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. शिवाय ही हवा फुकटची नसते. ब्रेक लागतात तीही तीच हवा. म्हणून मी हॉर्नला टाकी वेगळी देत असे, आणि मध्ये असा व्हॉल्व्ह बसवत असे की ब्रेकच्या टाकीतली हवा कमी झाली तर हॉर्नची वाट आपोआप बंद. ड्रायव्हर लोक या व्हॉल्व्हला शिव्या देत. मी त्यांना म्हणे, मुकं होऊन थांबलेलं बरं, बोंबलत मेल्यापेक्षा.

त्या बसला वीतभर लांबीचे दोन भोंगे होते, दोन लिटरची टाकी आणि ऐंशी पौंडांचा दाब. ड्रायव्हर हटून बसला म्हणून मी तो एकशेदहा केला. मला पटलेलं नव्हतं. दाब वाढवला की आवाज मोठा होतो हे अर्धंच खरं. थोडा मोठा होतो आणि बराच चिरका होतो. पण ड्रायव्हरचा चेहरा असा खुलला की बस.

दुसऱ्या दिवशी सक्करदऱ्याच्या तलावावरचे बगळे उठले. चौथ्या दिवशी एक पेन्शनर गृहस्थ मालकाकडे तक्रार घेऊन आले. त्यांच्या नातीनं दुधाचा पेला टाकला होता म्हणे. आणि त्याच आठवड्यात त्या प्रेसवाल्याची बस पुन्हा चुकली. दुसरा खाडा.

आता ड्रायव्हरचं म्हणणं पडलं की माणूस लबाड आहे, झोपा काढतो. मलाही तसंच वाटलं. एकशेदहा पौंडांत मेलेला उठून बसेल.

रविवारी तो माणूस स्वतःच गॅरेजवर आला. पंचेचाळिशीचा, धुतलेला पांढरा सदरा, सायकल. माझ्यासमोर उभा राहून माझ्या तोंडाकडे टक लावून बोलला. मला ते उद्धट वाटलं.

"मिस्त्री भाऊ, हॉर्न चालू करून द्या ना गा. बंद पडला तो. कायचाच आवाज येत नाही."

"झोपेत कसा येईल?" मी म्हणालो.

"झोपत नाही. पाणी भरून राह्यतो मी नळावर." मग त्यानं सांगितलं. बायकोला दोन वर्षांपूर्वी लकवा झाला, ती खाटेवर. मुलगी लग्न होऊन बुटीबोरीकडे. नळ साडेपाचला येतो, साडेसहाला जातो. नळाला जोर नाही म्हणून अंगणात कमरेइतका खड्डा खणून त्यात नळ घेतलेला. त्या खड्ड्यात उतरून तो बादल्या भरतो आणि घरात नेऊन ड्रममध्ये ओततो. हॉर्न ऐकला की नळ सोडून निघायचं. लवकर जाऊन रस्त्यावर उभं राहिलं तर बायको दिवसभर पाण्यावाचून.

"वहिनी हाक नाही देत?"

"तिचा आवाज बसला लकव्यानं," तो म्हणाला. "आता बोलतच नाही ते."

मी म्हणालो बघतो, आणि तो निघाला. खरं तर मला त्याचा रागच आला होता. मी बसवलेल्या हॉर्नला बंद म्हणणारा हा कोण? आवाराच्या टोकाला कडुलिंबाखाली त्याची सायकल होती. तो तिथं पोचला असेल नसेल, मी आवारात उभ्या असलेल्या त्याच बसमध्ये चढलो आणि मुद्दाम हॉर्न दाबला. रस्त्यावरची कुत्री भुंकायला लागली. समोरचा पानठेलेवाला शिवी देऊन बाहेर आला. तो माणूस शांतपणे सायकलचं कुलूप काढत होता.

बाकावर भंगारातल्या एका लॉरीचा हातभर लांब जुना भोंगा पडला होता. तो चालतो का बघायला मी सकाळीच हवेच्या नळीला जोडलेला. कॉम्प्रेसर बंद, नळीत जेमतेम चाळीस पौंड उरलेले. खाली उतरून मी त्याचा कॉक फिरवला. जाडा, लांबलचक, हंबरल्यासारखा आवाज निघाला. पूर्वी शहरातल्या कापडगिरणीचा भोंगा असा वाजायचा. माझा बाप त्यावर उठायचा.

लिंबाखालचा माणूस वळला. सायकल सोडून परत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मले बोलावलं का?"

मी हातातला पाना खाली ठेवला. प्रेसवर सहा वर्षं काढलेल्या माणसाच्या कानातून पहिल्यांदा बारीक आवाज जातात, जाड आवाज शेवटपर्यंत राहतात. हे मी ऐकून होतो, पण डोळ्यांसमोर पहिल्यांदा पाहिलं. दाब वाढवून मी त्याचा हॉर्न त्याच्यापासून आणखी लांब नेला होता. दुसरा खाडा माझ्या हातून झाला होता.

"कानाचं कधीपासून?" मी तोंड त्याच्याकडे करून सावकाश विचारलं.

त्यानं मागं वळून कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. "दोन-अडीच वर्षं. कोणाले सांगू नका, भाऊ. बहिरा म्हणून काढून टाकतीन. घरीबी नाही सांगितलं."

प्रेसनं कान न्यायचे आणि ते कारखान्यापासूनच लपवायचे. याला न्याय म्हणतात की काय, देव जाणे. मी नाही सांगणार म्हणालो.

तो आठवडा मी त्या एका हॉर्नमध्ये घातला. तोवर प्रेसवाला निम्मंच पाणी भरून आधीच रस्त्यावर जाऊन उभा राहत होता. लांब भोंग्याला हवा फार लागते, दोन लिटरची टाकी त्याला चुळीएवढी. भंगारातली लॉरीची वीस लिटरची ब्रेकची टाकी आणली, आतला गंज काढला, तळाला पाणी सोडायचा नळ बसवला आणि स्टेपनीच्या शेजारी पट्ट्यांनी आवळली. दाब आणला चाळीस पौंडांवर. साठावर ठेवून पाहिला तर भोंग्यातला पडदा थरथरून आवाज फाटायला लागला. तिसावर तो भोंग्याबाहेर पडायलाच तयार नव्हता. चाळीसला जुळला. आकडे मोजत दाबून धरला तर आठपर्यंत पुरत होता. पण एकदा वाजवला की टाकी पुन्हा भरायला वेळ लागे, कारण आधी ब्रेकची टाकी भरणार, मग हॉर्नची. मी दाब मोजायचा काटा घेऊन बसमधून एक फेरी केली. रेल्वे फाटकापासून सक्करदऱ्यापर्यंत टाकी बरोबर भरत होती. म्हणजे दर थांब्याला एकच हाक, पण लांब.

ड्रायव्हरनं ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"हे तं म्हशीवानी वाजते, मिस्त्री! हासतीन ना लोकं मले. जुना काहून काढला?"

"पडदा फाटला त्याचा," मी खोटं बोललो. "आणि त्या पेन्शनर बुवांनी पोलिसात जायचं ठरवलंय. एकदाच दाबा, पण दमानं दाबा. आठ आकडे."

पेन्शनर बुवांना मी मनातल्या मनात दंडवत घातला. ड्रायव्हर कुरकुरत कबूल झाला.

महिना संपायला तीन दिवस होते. त्या सकाळी मी माझ्या सायकलवर सक्करदऱ्याला गेलो, प्रेसवाल्याच्या अंगणात उभा राहिलो. तो खड्ड्यात वाकून बादली भरत होता, फक्त डोकं दिसत होतं. पाण्याची धार बादलीत पडत होती. मला हॉर्नची एवढी धास्ती आयुष्यात कधी वाटली नाही. मी स्वतःला म्हणत होतो की मिस्त्री, वाजला नाही तर तुझा एक हॉर्न गेला, त्याची सहा वर्षं जातील.

तलावाकडून तो आवाज आला. त्याचं डोकं वर झालं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. तो एका उडीत खड्ड्याबाहेर आला, खुंटीवरचा डबा घेतला आणि चपला हातात घेऊन पळाला.

त्याच वेळी घरातून एक बारीक खणखणाट चालू होता. हॉर्न यायच्या आधीपासून चालू असणार; माझं लक्ष आता गेलं. मी दारातून डोकावलो. खाटेवर त्याची बायको पडल्या पडल्या डाव्या हातानं स्टीलच्या ताटावर चमचा आपटत होती. मी गॅरेजचा मिस्त्री असं सांगितल्यावर ती थांबली.

"गाडीचा घरघराट मले पहिले ऐकू येते," ती म्हणाली. आवाज तिचा बारीक होता, पण चांगला स्पष्ट. बसलेला वगैरे काही नव्हता. "रोज वाजवून सांगते. हाका देते. पण आजकाल हे उत्तरच देत नाहीत. दोन वर्सं झाली. कंटाळले असतीन मले. कोण नाही कंटाळणार?"

मला भयंकर वाईट वाटलं. एकाच खोलीत दोन माणसं, दोघंही समजत होती की दुसऱ्यानं बोलणं सोडलं. पण मी शब्द दिलेला होता.

खाटेला लागून पाण्याचे दोन लोखंडी ड्रम होते. एक भरलेला, एकात अजून थेंब पडला नव्हता. मी रिकाम्या ड्रमवर तळहात मारला. खोलीभर जाडा आवाज घुमला.

"ताटाचा आवाज पाण्यात दबतो, वहिनी," मी म्हणालो. "यावर मारत जा. आणि हाक द्याल तेव्हा जाड आवाजात, सावकाश."

तिनं हातातला चमचा खाली ठेवला. डोळे हळूहळू भरले. "कधीपासून?" एवढंच तिनं विचारलं.

"मी फक्त हॉर्नचं बघतो," मी म्हणालो आणि निघालो.

यादी लागली, त्याचं नाव राहिलं. तो संत्र्याची बर्फी घेऊन गॅरेजवर आला, ड्रायव्हरलाही दिली. ड्रायव्हर आता म्हशीचा आवाज आपणच शोधून काढला असं सगळ्यांना सांगत होता.

पुढच्या उन्हाळ्यात त्या बाजूला काम निघालं म्हणून मी त्याच्याकडे डोकावलो. नळ एक दिवसाआड झाला होता. गल्लीत लोकांनी हंडे, घमेली, मुलांच्या आंघोळीचे टोपसुद्धा भरून ठेवलेले. त्याच्या घरात खाटेजवळचा एक ड्रम तसाच कोरडा होता, त्याला टेकून एक लाटणं ठेवलेलं. शेजारची बाई दारात उभी राहून त्याला त्यावरून बोलत होती, की पाण्यासाठी लोक जीव टाकून राह्यले अन् तुमचा ड्रम रिकामा काहून?

"त्याच्या तळाले भोक पडलं, वहिनी," तो म्हणाला.

मी मघाशीच तो ड्रम आतून बाहेरून पाहिला होता. त्याला भोक नव्हतं.