काउंटरपलीकडचा पासपोर्ट

माझा पासपोर्ट व्हिसासाठी जमा होता आणि त्याच दिवसांत अब्बांना लकवा मारला.

अब्बा आखातात, मुसफ्फाच्या औद्योगिक वस्तीत एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये फोरमन होते. आठवडाभर कंपनीच्या खोलीवर राहायचे आणि सुट्टीला शहरात, करामाच्या आमच्या फ्लॅटवर यायचे. मला इटलीतल्या एका युनिव्हर्सिटीत पुलांच्या इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली, तेव्हा माझी पोरगी पूल बांधणार, असं त्यांनी साऱ्या वर्कशॉपला सांगून टाकलं होतं. त्यानंतर ते आणि अम्मी एका लग्नासाठी रत्नागिरीजवळ आमच्या गावी गेले. पासपोर्टच हातात नसल्यामुळे मी मागे राहिले.

अम्मीचा फोन आला तेव्हा मी मेट्रोत होते. अब्बा मोरीत पडले होते, उजवी बाजू गेली होती, त्यांना रत्नागिरीला हॉस्पिटलमध्ये आणलं होतं. ‘ये’ असं ती म्हणाली नाही. मी जेवले का, एवढंच विचारत राहिली.

मी तशीच व्हिसा सेंटरला गेले. काउंटरवरच्या बाईंनी हिंदीत शांतपणे समजावलं, की पासपोर्ट परत मागितला तर अर्ज रद्द होणार. नवी अपॉइंटमेंट मिळेल, पण क्लासेस सुरू झाल्यावर. चार दिवसांसाठी पासपोर्ट द्या, मी आणून देते, असं मी विनवलं. तो कॉन्सुलेटमध्ये होता, त्यांच्या हातात काहीच नव्हतं. युनिव्हर्सिटीला ईमेल केला, तर उत्तर आलं की इतक्या उशिरा दाखल होता येणार नाही.

संध्याकाळी अम्मीने फोन अब्बांच्या तोंडाशी धरला. त्यांची जीभ जड झाली होती.

“पासपोर्ट नको घेऊस,” ते म्हणाले. मग पुन्हा तेच.

अम्मीने फोन काढून घेतला. अब्बा सांगतात ते ऐक, म्हणाली. मग बहुधा बाहेर व्हरांड्यात आली, कारण तिचा आवाज एकदम खाली गेला.

“डॉक्टर काही बोलतच नाहीत गं.”

दुसऱ्या दिवशी मी अर्ज मागे घेतला. पासपोर्ट परत यायला मात्र वेळ लागला आणि ते दिवस मी कसे काढले, मला सांगता येत नाही. अम्मीने फोन उचलला नाही की मी पुन्हा पुन्हा लावत राहायचे. पासपोर्ट मिळाल्यावर मिळेल त्या विमानाने मुंबई गाठली आणि तिथून गाडी करून रत्नागिरी.

अब्बा जिवंत होते. मला पाहताच त्यांचे डोळे भरले आणि त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

“का आलीस?”

मी त्यांचा डावा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला. दुपारी खिचडी आली, ती मी चमच्याने भरवली. त्यांनी तोंड उघडलं, पण माझ्याकडे बघितलं नाही.

अब्बा वाचले, पण मुसफ्फाला परत जाऊ शकले नाहीत. नोकरीबरोबर आमचे सगळ्यांचे तिथे राहायचे व्हिसे गेले. करामाचं घर रिकामं करायला मी एकटीच गेले. माझा जन्म त्या घरातला, आणि सामान विकताना शेजारणीला मी गावी परत चाललेय असं सांगत होते, जिथे मी कधी राहिलेच नव्हते.

पुढच्या वर्षी पोलंडमधल्या एका युनिव्हर्सिटीने घेतलं. सध्या मी तिथेच शिकतेय. व्हिडिओ कॉलवर अब्बा हळूहळू बोलतात, थंडीचं विचारतात. इटलीचं नाव मात्र आमच्यापैकी कोणीच काढत नाही.