माणिकराव मास्तरांची एकच टोपली

माणिकराव मास्तरांना मी प्रथम पाहिले ते घाटनांदूरला, आमच्या ओसरीवर. आपल्या शाळेत मुलींना शिकवायला मला पाठवावे, असे ते माझ्या वडिलांना विनवीत होते. मी दाराआडून म्हणाले, "मी शाळेची पायरी कधी चढले नाही. जे येते ते घरी, थोरल्या भावाच्या शेजारी बसून धूळपाटीवर शिकलेले."

मास्तर हसले. "लई बरं झालं, ताई. मंजी पोरायला मारायचं तुमाला कोनी शिकवलं न्हाई."

त्याला आता पाच वर्षे झाली. मास्तरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथात लिहिण्याची माझी योग्यता किती, या शंकेने मी दोनदा लिहिलेले फाडले. येथे आहे ते सारे डोळ्यांदेखत घडलेले आहे, एवढी खात्री देते.

आमच्या खाजगी मराठी शाळेला सरकारी मदत नाही. हैदराबादहून दरबारची परवानगी मिळाली हेच पुष्कळ. गरीब विद्यार्थ्याने सात दिवस सात घरी वार लावून जेवावे, ही आपली जुनी रीत. पण धनगरांच्या किंवा वेशीबाहेरच्या मुलाला वार कोण देणार? ही मुले दुपारी उपाशी उठून जात ती परतत नसत, आणि गाव म्हणे, यांच्या डोक्यात अक्षर शिरत नाही. मास्तरांनी रीतच फिरवली. मुलांनी घरोघर जायचे नाही. ज्या घरचा वार असेल त्या घराने भाकरी शाळेत पाठवायच्या. पाठात जो सर्वांत मागे, त्याला आधी भाकर आणि आधी पाठ. हुशार मुले कुरकुरत. मास्तर म्हणत, "तुजा पाठ झालाय की. आता त्याच्यापाशी बस अन् त्याला शिकव."

माझ्या हातून झालेली चूक सांगणे भाग आहे. कोणाचे मन दुखावू नये म्हणून मी भाकरी वेगवेगळ्या फडक्यांत ठेवीत असे, आणि कोणत्या मुलाला दिलेली कोणत्या घराला खपेल हे पाहून वाटत असे. वेशीबाहेरच्या ठकूला रोज शेवटी मिळे. मला तो नीटनेटकेपणा वाटे. एके दिवशी मास्तरांनी सगळी फडकी सोडली, भाकरी एका टोपलीत टाकल्या आणि वरखाली केल्या.

"आता निवडा बगू, ताई."

मला निवडता आले नाही. त्यांनी वरची भाकर ठकूला दिली, दुसरी स्वतः मोडली. तिसरी मी घेतली. ठकूच्या शेजारी बसून ती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी देशमुख शाळेत आले. सर्वांत जास्त भाकरी त्यांच्या घरून येत.

"मास्तर, आमची भाकर कोनाच्या पोटात जाती, हे आमाला कळाया पायजे."

"पोटात गेल्यावर तिचे पावकी-निमकीचे पाढे हुत्यात, देशमुख. पावकी-निमकीला कोनी घर इचारतंय का?"

मुले हसली. देशमुख हसले नाहीत. त्यांच्या घरची भाकर बंद झाली, त्यांच्या शब्दातली घरेही थांबली. माझ्या वडिलांनाही भाकर थांबवण्याचा निरोप आला. ते मला एवढेच म्हणाले, "आपला वार सोमवार. चुकायचा नाही."

काही महिने मुलांनी अर्धी-अर्धी भाकर खाल्ली. मग धनगरांच्या आणि वेशीबाहेरच्या आयांनीच भाकरी आणायला सुरुवात केली. ठकूची आई म्हणाली, "आमची बी टाका टोपलीत. बगू कोन वळखतंय." त्या वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांनी मागच्या रांगेतली मुले उभी केली, आणि ती न अडखळता वाचून बसली.

आता या साठीच्या निमित्ताने देशमुखांनी शाळेला कायमची ज्वारी देऊ केली आहे. अट एकच: टोपल्या दोन असाव्यात. गौरव समितीतील काही वडीलधाऱ्यांचे म्हणणे, मास्तरांनी आता पडते घ्यावे, आणि या ग्रंथात टोपलीचा विषय नसावा. वडीलधाऱ्यांचा शब्द मोडण्याची मला सवय नाही. पण टोपली वगळून मास्तरांविषयी लिहायचे तर मी काय लिहू? त्यांच्या अक्षराचे वळण सुंदर आहे, असे?

मास्तरांनी उत्तर धाडले आहे: "ज्वारी आनंदानं घेऊ. टोपली एकच ऱ्हाईल." देशमुखांकडून अद्याप काही कळलेले नाही, आणि शाळा त्यासाठी थांबलेली नाही.

मास्तरांना उदंड आयुष्य लाभो, असे सारेच म्हणतील. माझे मागणे जरा स्वार्थी आहे. त्यांचे गुडघे, त्यांचे डोळे आणि त्यांचा हट्ट ठणठणीत राहोत. कारण हीच अट उद्या दुसऱ्या कोणाच्या तोंडून येईल. तेव्हा मास्तर थकलेले असले तर त्यांनी खुशाल बसून राहावे. नाही म्हणायला आता आम्हीही शिकलो आहोत.