राखेतलं गंधक

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. तुम्हाला सांगतोय, आणि आजही छाती तशीच धडधडते आहे — पहिला घड पिकला तेव्हासारखी!

महायुद्ध नुकतंच संपलं होतं. कवठे महांकाळच्या वरच्या उघड्या पठारावर आम्ही दोघा भावांनी, थोरले दादा आणि मी, द्राक्षं लावली. लोक हसले. आम्ही वेल पांगाऱ्याच्या झाडांवर चढवले, खतासाठी धनगराच्या मेंढ्या बसवल्या. औषध म्हणजे राख आणि हळद. विकतचं काहीही या मातीत घालणार नाही, अशी शपथ घेत दादांनी बेलभंडारा उचलला. मीही उचलला. काय हवेत होतो आम्ही!

मग ऐन फुलोऱ्यात भुरी आली. पानांवर पीठ शिंपडल्यासारखी पांढरी बुरशी. दादा राख धुरळायचे, भुरी पुढच्या वेलावर जायची. एवढी बाग डोळ्यांदेखत जाऊ द्यायची? मी सांगलीहून गंधक आणलं आणि — हो, दादांच्याच राखेत कालवलं. हळदीत पिवळा रंग लपला. वास? दादांचं नाक तपकिरीनं केव्हाच बधिर झालेलं. शपथ मी मोडली, पण हात त्यांचे वापरले.

आणि काय पीक आलं म्हणता! पांगारे वाकले. गावोगावची माणसं पठार चढून आली. दादा प्रत्येकाला राख-हळदीचं माप सांगायचे, मी शेजारी उभा राहून घड वाटायचो. लाज वाटली का? खरं सांगू — नाही. आनंदच एवढा होता. पुढे दरवर्षी मी गंधक मिसळत राहिलो.

त्या ऐकणाऱ्यांत खालच्या वाडीतल्या विठाबाई होत्या. नवरा गेलेला, पण बाई हिमतीची. जोंधळ्याची पट्टी मोडून त्यांनी द्राक्षं लावली. पहिल्याच फुलोऱ्यात भुरी आली. त्यांनी राख धुरळली, हळद धुरळली. बाग गेली.

त्या आमच्या दारात आल्या. “आवं दादा, राख तीच, हळद तीच. माज्याच हाताला यश न्हाई बगा.”

दादा हळूच म्हणाले, “मनात किंतु आला आसंल, बाई.”

विठाबाईंनी मान डोलावली. मी तिथंच उभा होतो. एक शब्द बोललो असतो तर? — नाही बोललो. पुढे दादा वारले तेव्हाही नाही.

त्यानंतर विठाबाईंनी स्वतःच्या हातानं बी कधी पेरलं नाही. पेरणीला सुनेला पुढं करायच्या, आपण बांधावर बसायच्या. मी दिसलो की हाक मारून तांब्याभर पाणी द्यायच्या. मी ते प्यायचो.